काकासाहेबांचा दमा

"कफ पडतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज सकाळी. दोन-तीन वर्षं झाली," काकासाहेब म्हणाले.

"आणि दम?"

"तो एकदम लागतो. छातीत शिट्टी वाजती. तासा-दोन तासानं काईच नाय, मानूस ठणठणीत. पैठणला पंधरा दिवस ऱ्हायलं, तर एकदाबी नाय झालं. घरी आलं की दुसऱ्याच दिवशी."

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली. मग खुर्चीत टेकले.

"काका, तुम्ही मला दोन आजार सांगताय. वर्षानुवर्षं रोजचा खोकला आणि कफ, ही श्वासनलिकेची जुनी सूज. ती तुमची. बीडी ओढता ना?"

"कधीमधी." काकासाहेबांनी खिशातल्या बंडलावर हात ठेवला.

"अचानक दम, शिट्टी, आणि मधले दिवस एकदम बरे, हा दमा. तो तुमचा नाही. कुणाचा आहे?"

काकासाहेबांची मान खाली गेली. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टरकी करताना त्यांनी एका बिनतिकिट्याला सोडलं नव्हतं. आज स्वतःच सापडले. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून गारखेड्याहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आले होते, तेही फुकट गेलं.

"पोरीचा. वच्छलाचा," ते पुटपुटले. "वैजापूरला सुपारी फुटलीय तिची. दमा म्हणलं की लगीन मोडंल. कागदावर माझं नाव लिवा साहेब, पाया पडतो."

डॉक्टरांनी दम्याचा पंप लिहून दिला. "पण आठ दिवसांत तिला घेऊन या. तपासायलाच हवं."

परतीच्या बसमध्ये काकासाहेबांना होणारा जावई आठवत राहिला. रामकिसन दोन महिन्यांमागं घरी येऊन गेला होता. काकासाहेबांनी त्याच्यासमोर बसून तासभर गप्पा हाणल्या, बीडीवर बीडी चालू. चहा देऊन वच्छला आत गेली आणि तिला दम लागला. आवाज बाहेर आला. "फोडणीचा ठसका," काकासाहेबांनी हसून मारून नेलं. पोरानं नकार कळवला नाही. उलट आठच दिवसांत निरोप धाडला, लग्न वैशाखात नको, माघातच उरकू.

थाप पचली म्हणून तेव्हा काकासाहेबांना हायसं वाटलं होतं. आता त्याच गोष्टीची लाज वाटत होती. एवढं सरळ पोरगं, आणि आपण त्याला फसवतोय.

वच्छला ओट्यावर मेथी निवडत होती. काकासाहेब शेजारी बसले, धीर यावा म्हणून बीडी पेटवली आणि पंप पुढं केला.

"घे. ट्रंकेत तळाशी ठेव. रामकिसनला दिसू देऊ नको."

वच्छलानं पदर नाकाला लावला. "एक हाय माझ्याकडं. त्यांनीच धाडलाय, त्यांच्या बहिनीच्या हातून."

"त्याला ठावं हाय?" काकासाहेबांनी पंप मागं घेतला. "मंग लगीन मोडलं कसं नाय?"

"मोडलं नाय, दादा. लवकर धरलं." ती मेथीवरची नजर न काढता म्हणाली, "म्हणले, त्या धुरात वैशाखापर्यंत नको ठेवायला तिला."