धाकटा ओ गटाचा

वॉशिंग मशीन धाकट्याच्या पाठीवर होतं आणि थोरल्याच्या हातात त्याची नळी. जिना अरुंद, घर तिसऱ्या मजल्यावर. नळी न्यायला वेगळा माणूस लागत नाही, हे थोरल्यालाही कळत होतं. पण रिकाम्या हातांनी मागे चालायची त्याला लाज वाटे.

"त्याला हात लावू देऊ नकोस हं!" वरून कठड्यावर वाकून आई ओरडली.

"लावतोय कुठला! महाराज नळी सांभाळतायत," धाकटा म्हणाला. हसता हसता त्याला धाप लागली.

आठ वर्षांपूर्वी वडील हार्ट अटॅकने गेले आणि त्याच महिन्यात आईला पेपरात ती बातमी सापडली. ओ रक्तगटाच्या लोकांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा कमी. वडील ए गटाचे. थोरला त्यांच्यावर गेलेला, तोही ए. धाकटा आईसारखा ओ. आईने कात्रण फ्रेम करून फ्रिजच्या वर टांगलं. फ्रेम लहान पडली म्हणून खालच्या चार ओळी कात्रीने उडवल्या. फरक थोडासाच आहे, सिगारेट आणि ब्लडप्रेशरपुढे तो किरकोळ, असं त्या ओळींत होतं. थोरल्याने त्या वाचल्या होत्या. पण तोवर आईने त्याला गोदामातल्या हमालीवरून उठवून घड्याळं दुरुस्त करायला बसवलं होतं, आणि खरं सांगायचं तर बसून बरं वाटत होतं. तो गप्प राहिला. गोदामातली त्याची जागा धाकट्याने घेतली. रोजचं एक पाकीट सिगारेटही तिथेच सुरू झालं, आणि घरात त्याला कुणी कधी टोकलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर धाकट्याने मशीन टेकवलं. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. ओझ्याचा घाम थोरल्याला ओळखता येत असे. हा तसला नव्हता. चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय होतंय रे?"

"जबडा ठणकतोय सकाळपासून. अक्कलदाढ असेल. उशिरा का होईना, येतेय एकदाची अक्कल."

"आणि हात?"

धाकटा डाव्या हाताची मूठ उघडत-मिटत होता. "पट्टा रुतला."

"मशीन राहू दे इथेच. आधी दवाखान्यात चल."

"दवाखान्यात तू जायचं, दादा. माझं रक्त ओ. भिंतीवर लिहिलंय."

"त्या बातमीत खाली अजून चार ओळी होत्या," थोरला म्हणाला.

"काय होतं त्यात?"

थोरला शब्द जुळवत होता, तेवढ्यात धाकटा पायरीवर बसला. डोकं मशीनला टेकलं आणि तो हळूच एका कुशीवर कलंडला.

थोरल्याने फोन लावला. अँब्युलन्सला अर्धा तास लागेल म्हणाले. खाली टेम्पो उभा होता. त्याने नळी टाकून दिली, धाकट्याच्या खांद्यावरचा पट्टा सोडवला, गुडघे वाकवले, श्वास धरला आणि भावाला पाठीवर घेतलं. गोदामातली सवय अजून अंगात होती. पाच पायऱ्या उतरला, दहा उतरला. त्याच्या छातीत काहीसुद्धा झालं नाही. कानाशी धाकट्याचं डोकं प्रत्येक पायरीला आपटत होतं.

वरून चपला वाजल्या. आई पडत-धडपडत खाली आली, तिने मागून थोरल्याचा शर्ट दोन्ही मुठींत पकडला आणि सगळं बळ लावून ओढायला लागली.

"खाली ठेव त्याला!" ती रडत ओरडत होती. "अरे, तुला काही झालं म्हणजे?"