शेजारणीसाठी एक शब्द

"शेजारच्या बाईला यातला एक शब्द लावा," इंग्रजीच्या वर्गात मॅडम आम्हा म्हाताऱ्यांना म्हणाल्या. फळ्यावर जनावरांवरून आलेले शब्द होते. मुलिश म्हणजे खेचरासारखा हट्टी. बाजार चढेल असं वाटणारा बुलिश, पडेल असं वाटणारा बेअरिश.

माझ्या शेजारी धाकटी जाऊ यमुना बसली होती. गेल्या गौरींना कटाच्या आमटीत आम्ही दोघींनीही मीठ घातलं. नैवेद्य चाखायचा नसतो, त्यामुळे पाहुणे जेवायला बसल्यावरच कळलं. तेव्हापासून आमचा अबोला होता, आणि गौरी तर परवावर आलेल्या.

"मुलिश," यमुना माझ्याकडे न बघता म्हणाली.

सगळ्या हसल्या. मलाही हसू आवरेना.

"हीसुद्धा मुलिशच, मॅडम. एकाच गोठ्यातल्या आम्ही."

आमटीची गोष्ट गावभर झाली होती. मॅडमनी विचारलं, "मग यंदाच्या आमटीचं काय वाटतं?"

"बेअरिश," मी म्हणाले.

"बुलिश," म्हणत यमुना वर्षभरानं माझ्याकडे वळली. "अक्का, मीठ तुम्हीच घाला. मी तोवर ओसरीवर बसते."

"ओसरीवर कशाला? पुरणाचं पातेलं मला एकटीला उचलत नाही."