वाळूतला शिंपला

जैसलमेरच्या परिषदेत सकाळी नेत्राच्या अंधेरीतल्या कंपनीसाठी टाळ्या वाजल्या. खाडीत भराव घालून टॉवर बांधायचं मोठं काम कंपनीला मिळालं होतं. खाडी नेत्राच्याच कोळीवाड्याची, पण घरी तिने अजून चकार शब्द काढला नव्हता.

संध्याकाळी सगळे वाळवंट बघायला निघाले. नजर जाईल तिथवर वाळूच वाळू. तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबा दारात फाटकं जाळं सांधत बसले होते.

"बाबा, गाइड सांगतो, इथं पूर्वी समुद्र होता. हा बघ, दगडात शिंपला."

बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. 



"मंग तिथले कोली कुठं गेले, गो?"