हातभट्टीचं पाप

“हे पाप आता पुरे झालं, मॅलाकी. दुसरं काही असेल तर सांगा,” जाळीपलीकडून फादर फिन्टन म्हणाले.

मॅलाकी टॅन्सी गुडघ्यांवर होता तिथेच गार पडला. पापनिवेदनाच्या या लाकडी पेटीत तो तरणाताठा असल्यापासून दर शनिवारी येत होता आणि दर शनिवारी हेच पाप सांगत होता. आधीच्या सगळ्या फादरांनी ते निमूट ऐकून घेतलं होतं. मग या कालच्या पोराला काय एवढी घाई?

पाप तसं साधं होतं. कोलमन डर्कन दलदलीपलीकडे चोरून दारू गाळतो, हे मॅलाकीने तरुणपणी पोलिसांच्या कानावर घातलं होतं. भट्टी फुटली, कोलमनने सबंध हिवाळा तुरुंगात काढला, आणि तो सुटून येईपर्यंत त्याची ऊना ठरलेलं लग्न मोडून बॉस्टनच्या बोटीत बसली होती. मॅलाकीने हे दारूबंदीच्या कळकळीने केलं असतं तर गोष्ट वेगळी. पण त्याची स्वतःची भट्टी टेकडीमागेच होती, आणि कोलमनचा माल जास्त खपत होता.

आमच्याकडे चोराला जावई करून घेतील, पण पोलिसांकडे चुगली करणाऱ्याच्या मयतालाही कोणी जाणार नाही. म्हणून मॅलाकीने ते फक्त देवाला सांगितलं. सांगितलं मात्र अगदी मनापासून. वर्षानुवर्षं घासूनपुसून त्याने ते पाप लखलखीत ठेवलं. सुरुवातीला ती नुसती ‘चूक’ होती, मग तिचा ‘घोर अपराध’ झाला, आणि अलीकडे तर सांगताना ठरावीक जागी त्याचा गळा दाटून येई. डोळे ओले, मन हलकं, की स्वारी थेट पबमध्ये. गावातल्या बायका म्हणत, या देवमाणसाकडे दर आठवड्याला कबूल करायला असतं तरी काय!

“देवाने हे केव्हाच माफ केलंय,” फादर म्हणाले. “आता तर त्यालाही कंटाळा आला असेल. कोलमनला कधी सांगितलंत का?”

“कोलमनला?” मॅलाकी दचकला. “त्याला कशाला उगाच त्रास, फादर? तो बिचारा सगळं विसरून गेलाय.”

“हेच तुमचं प्रायश्चित्त. त्याला सांगायचं आणि माफी मागायची. तोवर मी तुम्हाला पापातून मोकळं करणार नाही, आणि तोवर ख्रिस्तप्रसादही नाही.”

“अहो, उद्या आमच्या क्लोडाचं पहिलं कम्युनियन आहे! पोरगी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणार, आणि आजोबाच तो घ्यायला जागचे हलले नाहीत तर गाव काय म्हणेल? नातीला काय सांगू?”

“म्हणून तर आजच सांगा.” जाळीवरची फळी सरकली.

मॅलाकी बाहेर आला. बाकावर कोलमन बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. दर शनिवारी मॅलाकीनंतर त्याचाच नंबर असे. चर्चमध्ये आणखी कोणी नव्हतं. मॅलाकीला खरोखर भीती वाटली. बायको गेल्यापासून पत्ते खेळायला, डॉक्टरकडे सोबत यायला, मॅच बघताना शिव्या द्यायला त्याला हा एकच माणूस उरला होता. तोही गेला तर?

“कोलमन, थोडं बोलायचंय.”

“इथे नको.” कोलमनने नंबर सोडला आणि उठला.

पायऱ्यांवर येऊन मॅलाकी थांबला. “इथे बोलू?”

“नको. फाटकाबाहेर चल.”

थडग्यांमधून वाट काढत दोघं म्हातारे रस्त्यावर आले. मॅलाकीने एक मोठा श्वास घेतला आणि सुरुवात केली. पोलीस, भट्टी, तुरुंग, ऊना. तोंडपाठच होतं. नेहमीच्या जागी गळाही दाटून आला. पण समोर जाळी नव्हती, कोलमनचा चेहरा होता. मॅलाकी मध्येच अडखळला.

“मत्सराने आंधळा होऊन,” कोलमनने आठवण करून दिली.

“हां, मत्सराने आंधळा हो...” मॅलाकीचं तोंड उघडंच राहिलं. “तुला माहीत होतं?”

“तुरुंगातून सुटलो त्याच शनिवारी कळलं. तुला वाटतं तू कुजबुजतोस, लेका. तुझी कुजबुज बाकापर्यंत येते.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“कसा बोलणार? पेटीतलं चुकून कानावर पडलं तरी ते तोंडातून काढायचं नाही, आणि त्यावरून कुणाचं काही वाकडंही करायचं नाही. शाळेत तुझ्याच शेजारी बसून शिकलो होतो ना? तुझ्या लग्नात नाचलो. तुझ्या पोरीला बाप्तिस्म्याला हातात धरलं. तू ऊनाचं नाव काढून हळहळायचास, तेव्हा खिशात मूठ आवळून उभा राहायचो.”

मॅलाकीच्या डोळ्यांत पाणी आलं. हे दर शनिवारचं नव्हतं. याने त्याला नीट दिसेनासं झालं, आणि लाजही वाटली. मित्र असावा तर असा, असं त्याच्या मनात आलं.

“म्हणजे तू मला माफ केलंस, कोलमन? तेव्हापासूनच?”

कोलमनने कोट काढला, व्यवस्थित घडी करून भिंतीवर ठेवला आणि सदऱ्याच्या बाह्या सावकाश वर सारल्या.

“इतकी वर्षं माफ करणं सोपं होतं रे, दुसरं काही करायची परवानगीच नव्हती. आज तू पेटीबाहेर सांगितलंस. चष्मा काढ.”