पंपातला दशांश

"पुन्हा बिघडला," धाकटा म्हणाला. पंपाच्या पडद्यावर डोसाच्या आकड्यात दोनच्या जागी एकोणीस दिसत होते.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "बटण चुकलं असेल तुझं."

"बटणाला हातच लावलेला नाही, साहेब."

धाकटा या पंपाच्या हात धुऊन मागे लागला होता. शिरेतून औषध सोडणारे हे पंप त्याचीच कंपनी बनवायची. त्यातलाच एक लावलेला पेशंट त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या वॉर्डात, तिच्याच पाळीत दगावला. औषध जास्त गेलं, एवढं तपासणीत निघालं. पंपाची बॅटरी निघाल्यामुळे आतल्या नोंदी उडाल्या होत्या. मग काय, नर्स म्हणून सगळी बोटं ताईकडे वळली. चौकशीचा निकाल उद्यावर आला होता, आणि त्यानंतर कोर्ट होतंच.

"हे बघा," धाकटा म्हणाला. "प्रोसेसरमध्ये दशांशाच्या आकड्यांसाठी मोजकी रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायच्या जागा, असतात. डोसाचा हिशोब तिथं चालतो. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, तिकडे सहसा फिरकत नाही. फिरकलाच, तर आधीचे आकडे बाजूला ठेवायचे, आपलं काम उरकायचं आणि ते होते तसे परत मांडायचे. आपण नळीतला हवेचा बुडबुडा ओळखणारा कोड कर्नलमध्ये घुसवला. त्यात दशांशाचा गुणाकार आहे, आणि आकडे बाजूला ठेवायचं राहूनच गेलंय."

"मग?"

"मग शेजारणीच्या पातेल्यात दूध असताना आपण त्यातच भाजी फोडणीला टाकली. एरवी निभावतं. पण ऐन हिशोबात बुडबुडा आला की डोस भलताच होतो."

साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं. त्यांना समजलं होतं, हेच वाईट होतं.

"हे बाहेर गेलं तर तुझी नोकरी गेली. या धंद्यात दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही तुला."

"ताई तुरुंगात जाईल, साहेब."

धाकट्यानं अहवाल स्वतः चौकशी समितीच्या हातात दिला. परत आला तेव्हा कंपनीच्या दारावर पहारेकऱ्यानं त्याचं ओळखपत्र मागून घेतलं. पेशंट गेला तो गेलाच, वर आपल्याही पोटावर पाय आला. पण ताई सुटणार होती, आणि तेवढ्यावर तो घरापर्यंत चालत आला.

ताई गणवेशाला इस्त्री करत होती. ती निलंबित होती; उद्या तो लागणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं सगळं सांगितलं. ती इस्त्री फिरवत राहिली.

"असे पंप अजून किती आहेत?"

"शेकडो. सगळे परत बोलवावे लागतील."

"बरं झालं. निदान ते पेशंट तरी वाचतील."

"ते वाचतील काय! तू वाचलीस, ताई. चौकशीतसुद्धा मिठाची गुळणी धरून बसलीस. आता तरी बोल."

तिनं इस्त्रीची पिन काढली. खुर्चीवर बसली आणि त्यालाही समोर बसवलं.

"तुझी नोकरी गेली का रे?"

"गेली. जाऊ दे ती."

"मला विचारायचंस तरी आधी."

"काय विचारायचं त्यात? पंपानं जास्त औषध सोडलं आणि आळ तुझ्यावर आला."

ताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोलली तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"आकडा उड्या मारायला लागला तेव्हाच मी पंप बंद केला होता रे. ते जास्तीचं औषध मी माझ्या हातानं दिलं."