गाळलेला मध्यम

सा, रे, ग आणि प या पट्ट्यांवर चिकटवलेली अक्षरं बोटांनी घासून पुसली गेली होती. प चा तर नुसता डिंकाचा डाग उरला होता. म मात्र चारी कोपऱ्यांसकट शाबूत होता, आजच चिकटवल्यासारखा.

"छान," वकीलबाई म्हणाल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी लहान मुलांच्या त्या कीबोर्डचे जवळून फोटो काढले. "म्हणजे या पट्टीला कुणी हातच लावत नव्हतं."

"लावून उपयोग काय? बंदच होती ती," संगीतकार म्हणाला. "मी बारा वर्षांचा होतो. धून सुचली ती मध्यम सोडूनच सुचली. प्रत्येक मुलाखतीत सांगत आलोय."

ते मात्र खरं होतं. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात गंधारावरून थेट पंचमावर उडी होती आणि लोक त्या उडीवरून त्याला ओळखत. आता दुसऱ्या एका संगीतकारानं दावा लावला होता, की ही धून आपल्या जुन्या रेकॉर्डवरून उचलली आहे. त्या रेकॉर्डच्या आधी ती याच घरात, याच कीबोर्डवर तयार झाली, एवढं दाखवता आलं की दावा कोसळणार होता. तडजोडीचा निरोपही आला होता: धून आमची आहे असं कबूल करा, गाण्यावर तुमच्याऐवजी आमचं नाव घाला, आम्ही दावा मागे घेतो. वकीलबाई विचारत राहिल्या आणि तो दर वेळी "बघू" म्हणत राहिला.

"सुरू करून पाहू या," वकीलबाई म्हणाल्या.

"आता कुठे सुरू होतोय तो."

"होईल की. वायर आहे," त्याची आई म्हणाली. तिनं इतकी वर्षं कीबोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला होता, वायरीसकट. "शिपाई, प्लग लाव गं."

त्याची बहीण उठली. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामावरून ती थेट इथं आली होती. बाहीवर प्लास्टरची पांढरी भुकटी होती. तिनं प्लग लावला.

वकीलबाईंनी म दाबला. तो वाजला. स्वच्छ, शेजारच्या दोन पट्ट्यांइतकाच.

त्यांनी पुन्हा दाबला.

"मधे कधीतरी दुरुस्त केला असेल," संगीतकार म्हणाला.

"कुणी?"

त्यानं आईकडे पाहिलं. आईनं चादरीची घडी घालायला घेतली.

"पट्टी वाजतेय. मग मध्यम गेला कुठे?" वकीलबाई बहिणीकडे वळल्या. "तुम्हाला येते ही धून?"

"हिला?" भाऊ हसला. "शिपायाला बेल ऐकू आली की पुरे."

बहीण उभ्यानंच वाकली. अंगठा सा वर ठेवला, बाकीची बोटं ओळीनं पुढच्या पट्ट्यांवर. धून कुठेही न अडखळता शेवटपर्यंत वाजली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी खाली-वर होत होती. अनामिका म च्या वर हवेत ताठ उभी होती, सलामी दिल्यासारखी.

"म्हणून शिपाई," वकीलबाई म्हणाल्या. मग त्या ताठ बोटाकडे खूण करून, "कधीपासून आहे हे?"

"दहा वर्षांची होते. दारात सापडलं. धून त्यानंतरची."

"वाऱ्यानं आपटलं हो दार," आई घाईनं म्हणाली.

"अडगळीच्या खोलीला खिडकी नाही, आई. आणि कीबोर्ड तेव्हा तिथंच असायचा."

भाऊ भिंतीवरच्या प्लगकडे बघत होता.

वकीलबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. आवाज अगदी कामकाजाचा झाला. "हाडांच्या डॉक्टरांनी हे बोट तपासून दुखापत किती जुनी ते सांगायचं आणि यांनी कोर्टात एकदा वाजवायचं. समोरच्यांकडे याला उत्तर नाही. आपण जिंकतो." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "फक्त धून यांची ठरेल."

"मी शिकवली होती तिला."

"सगळी बोटं धड असलेला माणूस मध्यम का सोडेल? पट्टी बंद होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

आईनं चादर मांडीवर ठेवली. "तुला काय करायचंय गं आता नाव?" ती मुलीला म्हणाली. "त्याचं सगळं त्या गाण्यावर उभं आहे. तुझं काय अडलंय?"

"काही नाही अडलं." बहिणीनं बाहीवरची भुकटी झटकली. मग ती भावाला म्हणाली, "दादा, तुझं नाव राहू दे. माझं खाली घाल. बारीक अक्षरात घातलंस तरी चालेल."

"यात काही बिघडत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "गाणं घरातच राहतं."

त्यानं हात लांब करून कीबोर्ड बंद केला. बटणाचा तेवढा आवाज झाला.

"तडजोडीला होकार कळवा," तो म्हणाला.

"जिंकत आलेली केस सोडताय तुम्ही. धून परक्याची होईल. तुमचंही नाव जाईल."

"कळतंय मला."

"मग त्यांना काय सांगू?"

तो पहिल्यांदाच बहिणीच्या हाताकडे वळला आणि त्या बोटाकडे बघतच बोलला.

"सांगा, धून त्यांची आहे. हिची नाही."