थंडीचोर

परशुराम शेटांनी गाडीची किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातली, तेव्हाच आग्नेल समजला, आपली ड्रायव्हरकीही त्या खिशात गेली.

रेडीच्या खाणीवरची लाल धूळ शेटांच्या छातीला बाधायची. म्हणून त्यांनी थंड हवेचं यंत्र असलेली परदेशी गाडी घेतली होती. साऱ्या टापूत तशी ती एकच. पण यंत्रातला गॅस काही टिकेना. दोनदा भरून झाला. शनिवारी भरावा, तर सोमवारी गाडीत नुसती भट्टी.

"मधी रविवार येता," शेट म्हणाले. "आमी सगळी देवळात. गाडयेकडे तू एकटो."

"गॅस घेवन मी काय करतलंय, शेट?"

"ता तुकाच ठाव."

आग्नेलला असा संताप आला! पण घरी बायकोला, लिलियनला, सातवा महिना. त्याने संताप गिळला.

वास्कोहून फ्रान्सिस मेकॅनिक आला. त्याने यंत्रात थोडा गॅस भरला आणि रबरी नळीचा एक छोटा दिवा पेटवला. नळीचं तोंड पायपांवरून फिरवायचं. गॅस गळत असेल तिथे ज्योत हिरवी होते, असं त्याने सांगितलं.

"दी हकडे!" शेटांनी दिवा ओढून घेतला. "तुमी दोघय किरिस्तांव, एकाच इगर्जेचे. माझ्या डोळ्यांनी बघूंदे."

शेट एकेक जोड तपासू लागले. ज्योत निळीच. दर जोडापाशी ते नटावर पान्याची खूण शोधत आणि आग्नेलकडे डोळे वर करून बघत. खूण सापडेना तसं त्यांचं तोंड आणखीच आंबट होत गेलं.

शेवटी नळी गाडीच्या तोंडाकडच्या जाळीपाशी आली. ज्योत हिरवीगार झाली.

जाळीला सुकलेलं लिंबू-मिरची लटकत होतं. फ्रान्सिसने त्याची तार हळूच मागे ओढली. तारेचं टोक जाळीतून आत जाऊन मागच्या बारीक नळीत रुतलं होतं.

"हयसून गेलो तुमचो गॅस, शेट."

शेटांनी दिवा फ्रान्सिसच्या हातात दिला. लिंबू बांधायचं काम त्यांच्या बायकोचं, दर शनिवारी. आजही शनिवारच होता. सुगंधाबाई नव्या तारेत ताजं लिंबू ओवून पायऱ्या उतरल्याच.

"सरा बघू. एकेकाची नजर किती वायट आसता!" आग्नेलकडे बघत त्या म्हणाल्या. "घट्ट बांधूक होया."

शेटांनी खिशातून किल्ली काढली आणि मान वर न करता आग्नेलपुढे धरली.

आग्नेलने किल्लीला हात लावला नाही. बाही वर सारून त्याने मनगट सुगंधाबाईंसमोर केलं.

"गाडयेक नको, वैनी. नजर माका लागली, हयसर बांधा."